हुंडणावळीचा काटा आणि कुंडलची द्राक्षपेटी

फेब्रुवारीतली सकाळ. सांगली जिल्ह्यातल्या कुंडलच्या शिवारात मांडवाखाली द्राक्षांची काढणी सुरू झाली की कात्रीचा बारीक, एकसारखा आवाज कानावर येत राहतो. घड देठाला धरायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही. मण्यावर निसर्गानेच चढवलेला पांढरट मेणाचा थर असतो. तो पुसला गेला की माल शिळा दिसतो आणि परदेशी गिऱ्हाईक तो बाजूला टाकतं. काढलेले घड क्रेटमधून पॅकहाऊसला जातात. तिथे तडकलेला, लहान, पिवळा मणी कात्रीच्या टोकाने काढतात, अर्ध्या किलोच्या पनेटमध्ये घड बसवतात, दहा पनेटची एक पेटी बांधतात. मग प्री-कूलिंग, मग शीतगृह, मग कंटेनर, न्हावा शेवा बंदर आणि समुद्रातले काही आठवडे. शेवटी रॉटरडॅम.

आता अशा दोन पेट्या शेजारी शेजारी ठेवा. एकाच बागेतल्या, एकाच वेलीच्या, गोडीही सारखी. एक यंदाची आणि एक पुढच्या वर्षाची, असं समजा. रॉटरडॅमच्या खरेदीदाराने दोन्ही वर्षी किलोला तेच दोन युरो मोजले. तरीही कुंडलमध्ये येणारे रुपये सारखे नसतात. पहिल्या वर्षी युरो शंभर रुपयांना असेल तर किलोमागे २०० रुपये येतात, दुसऱ्या वर्षी नव्वदला असेल तर १८०. द्राक्ष बदललं नाही, गिऱ्हाईक बदललं नाही, कष्ट तर तसूभरही कमी झाले नाहीत. बदलला तो एक आकडा, आणि तो कुंडलमध्ये कुणीच ठरवला नव्हता.

त्या वर्षी बातम्यांत काय सांगितलं जाईल? रुपया मजबूत झाला. ऐकायला किती छान वाटतं! आपली छाती थोडी फुगते. आणि नेमकं त्याच दिवशी द्राक्षवाल्याच्या हिशेबाच्या वहीत किलोमागे वीस रुपये कमी झालेले असतात. ही गंमत पहिल्यांदा नीट उमगली तेव्हा मी थक्क झालो, आणि अजूनही त्यातून बाहेर आलेलो नाही. मजबूत रुपया म्हणजे नेमकं कोण मजबूत? याचं उत्तर शोधायला कुंडलइतकं सोयीचं गाव दुसरं नसेल, कारण या प्रश्नाच्या सगळ्या बाजू या पंचक्रोशीतच सापडतात.

बट्टा लागणे

आपल्या भाषेत या विषयाला एक सुंदर जुना शब्द आहे: हुंडणावळ. हुंडीवरून आलेला. एका ठिकाणचा पैसा दुसऱ्या ठिकाणी वटवताना जो दर पडतो तो हुंडणावळीचा दर. शंभर वर्षांपूर्वीची मराठी वर्तमानपत्रं हाच शब्द वापरत. आज आपण विनिमय दर म्हणतो, पण हुंडणावळ म्हटलं की सराफाची पेढी डोळ्यांसमोर उभी राहते.

पेशवाईत तर एकट्या महाराष्ट्रात किती तरी प्रकारचे रुपये चालत. अंकुशी, चांदवडी, आणखी कितीतरी. प्रत्येकाची चांदी निराळी, वजन निराळं, म्हणून एका रुपयाचा दुसरा रुपया करून घेताना सराफ काही पैसे कापून घेई. त्या कापून घेण्याला म्हणत बट्टा. घराण्याच्या नावाला बट्टा लागला, असं आपण आजही म्हणतो. तो शब्द नाण्यांच्या बाजारातला आहे. म्हणजे एका चलनाची किंमत दुसऱ्याशी ताडून बघायची असते आणि त्या ताडण्यात कुणाचा तरी तोटा होतो, हे ज्ञान आपल्या बोलण्यात पिढ्यान् पिढ्या मुरलेलं आहे.

कुंडलच्या माणसाला हे कुस्तीच्या भाषेत आणखी लवकर कळेल. इथलं कुस्ती मैदान सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. मैदानात एकट्या पैलवानाला काही अर्थ नसतो. जोड लागावी लागते. तगडा कोण, हे समोर कोण उभा आहे त्यावर ठरतं. चलनाचंही तसंच आहे. रुपया डॉलरशी वधारलेला असतो त्याच वेळी तो युरोशी घसरलेला असू शकतो. समोरचा डॉलरच थकला असेल तर आपला रुपया काही न करता वर दिसतो. म्हणून रुपया मजबूत झाला, हे वाक्य अर्धंच असतं. कुणाशी जोड लावून, ते सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही.

नांगर, पौंड आणि अठरा पेन्स

कुंडलपासून जवळच किर्लोस्करवाडी आहे. आज त्या नावाचं रेल्वे स्टेशन आहे, पण पूर्वी त्या स्टेशनचं नाव कुंडल रोड होतं. १९१० साली औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला. कुंडल औंध संस्थानातच होतं. निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर लोखंडी नांगर तयार होऊ लागले. सुरुवातीला शेतकरी ते घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन विषारी होते अशी भीती होती. ती हळूहळू गेली. मात्र बाजारात दुसरा एक प्रतिस्पर्धी आधीपासून बसलेला होता: इंग्लंडहून येणारा रॅन्सम कंपनीचा नांगर.

इथे हुंडणावळ आपल्या गोष्टीत शिरते. त्या काळी रुपयाचा दर शिलिंग-पेन्समध्ये सांगत. बारा पेन्सचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. पहिल्या महायुद्धाआधी रुपयाचा दर होता एक शिलिंग चार पेन्स, म्हणजे सोळा पेन्स. २४० ला सोळाने भागा: एक पौंड म्हणजे बरोबर १५ रुपये. महायुद्धानंतर चांदी महागली, रुपया वर चढत गेला आणि १९२० च्या सुरुवातीला तो अडीच शिलिंगांच्याही पुढे गेला. सरकारने दोन शिलिंगांचा दर टिकवायचा प्रयत्न केला, पण तो फसला. १९२१ साली रुपया कोसळून एक शिलिंग चार पेन्सच्याही खाली आला. रुपया उंच असताना ज्या व्यापाऱ्यांनी विलायती मालाच्या ऑर्डरी देऊन ठेवल्या होत्या, त्यांच्या गळ्याशी आलं. माल बंदरात पडून होता आणि तो सोडवायला आता दीडपट-दुप्पट रुपये लागत होते. अनेकांनी माल उचलायलाच नकार दिला.

मग चलनाच्या प्रश्नावर सरकारने नेमलेल्या हिल्टन यंग कमिशनने १९२६ साली शिफारस केली: रुपया एक शिलिंग सहा पेन्स करा. अठरा पेन्स. १९२७ साली तसा कायदा झाला. सोळाचे अठरा, फरक अवघा दोन पेन्सचा. पण करून बघू. २४० भागिले अठरा, म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै.

इंग्लंडमधल्या कारखानदाराला एका यंत्रासाठी दहा पौंड हवे आहेत असं समजा. जुन्या दराने ते आपल्याला १५० रुपयांना पडलं असतं. नव्या दराने १३३ रुपये ५ आणे ४ पै. विलायती माल एका फटक्यात सतरा रुपयांच्या आसपास स्वस्त झाला, तेही इंग्लंडमध्ये कुणी एक पै कमी न करता. आता उलट बाजू. आपल्या कापसाच्या व्यापाऱ्याला लंडनहून दहा पौंड आले तर पूर्वी १५० रुपये मिळत, आता १३३ च. त्याच दोन पेन्सनी आयातदाराला सवलत दिली आणि निर्यातदाराच्या खिशातून तेवढीच काढून घेतली.

किर्लोस्करवाडीसारख्या कारखान्याच्या दृष्टीने पाहा. बाहेरून येणारं पोलाद आणि यंत्रं स्वस्त झाली, ही जमेची बाजू. त्याच वेळी बाहेरून येणारा नांगरही स्वस्त झाला, आणि तो नांगर घेऊ शकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात कापसाचे, शेंगांचे पैसे कमी आले, ही खर्चाची बाजू. एकाच कारखान्याच्या दोन्ही पारड्यांत एकाच आकड्याने वजन टाकलं.

एका यादीत मीठ आणि हुंडणावळ

इंग्रज सरकारला अठरा पेन्स का हवे होते? सरकारी खर्चाचा एक मोठा भाग लंडनमध्ये पौंडांत द्यावा लागे: निवृत्त अधिकाऱ्यांची पेन्शनं, कर्जावरचं व्याज, लष्कराचा खर्च. त्यासाठी इथून रुपये गोळा करून पौंड घ्यायचे. रुपया महाग असला की तेवढ्याच पौंडांना रुपये कमी लागतात. इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यालाही घरी पैसे पाठवताना जास्त पौंड पडत.

कमिशनमधले पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडली आणि सोळा पेन्सचा आग्रह धरला. मुंबईच्या गिरण्या आणि शेतमालाचा व्यापार, दोघांचंही हित त्यात होतं. पण ही भांडणं फोर्टमधल्या पेढ्यांपुरती राहिली नाहीत, आणि यातली सगळ्यात आश्चर्याची गोष्ट हीच आहे. ३० जानेवारी १९३० च्या 'यंग इंडिया'त गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यात मिठावरचा कर रद्द करा, ही मागणी होती. शेतसारा निम्मा करा, ही होती. आणि त्याच यादीत होतं: रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सवर आणा. पुढच्याच मार्चमध्ये दांडीयात्रा निघाली आणि मीठ इतिहासात अमर झालं. त्याच्याच शेजारी हुंडणावळ उभी होती, हे मात्र आपण विसरलो.

सूत कातायला सांगणाऱ्या माणसाला पेन्सचा हिशेब का महत्त्वाचा वाटावा? कारण शेतसारा रोख रुपयांत भरायचा होता आणि त्याचा आकडा ठरलेला होता. रुपया महागला की शेतमालाचे भाव रुपयांत खाली येतात. सारा मात्र तेवढाच राहतो. काल दोन पोती विकून जो सारा भरता येत होता, त्याला आज सव्वादोन पोती लागतात. कर न वाढवता कर वाढतो. त्यात १९२९ नंतर जागतिक मंदी आली, शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले, आणि १९३१ नंतर खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं मोडून मुंबईमार्गे लंडनला जाऊ लागलं. पाटल्या विकणाऱ्या त्या माउलीला हुंडणावळ हा शब्दही ठाऊक नसेल; तिच्या मनगटापर्यंत तो आकडा मात्र पोचला होता.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू, आणि तीही आपल्याच मातीतून. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमराव नावाचा मुलगा दाखल झाला. १९२३ साली त्याच मुलाने, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डी. एस्सी. पदवीसाठी लिहिलेला 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे गुरू एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. रुपया घसरला की निर्यात वाढते आणि देशाचं भलं होतं, ही समजूत बाबासाहेबांनी त्यात सोलून काढली. रुपया घसरला की देशात भाव वाढतात. मजुरी त्या वेगाने वाढत नाही. मग निर्यातदाराला जो जादा नफा होतो तो परदेशातून आलेला नसतो, तो इथल्याच मजुराच्या ताटातून गेलेला असतो. एका वर्गाचा लाभ म्हणजे देशाचा लाभ नव्हे.

गांधीजींना मजबूत रुपयाखाली पिचलेला सारा भरणारा शेतकरी दिसत होता. बाबासाहेबांना कमजोर रुपयाखाली पिचणारा, रोजावर जगणारा मजूर दिसत होता. मला दोघांचंही पटतं, कारण दोघंही एकाच तराजूची एकेक बाजू दाखवत होते. बाबासाहेबांचा खरा आग्रह तर याच्याही पुढचा होता: रुपयाने परदेशात काय मिळतं यापेक्षा रुपयाने देशातल्या बाजारात काय मिळतं, ते स्थिर राहू द्या.

अठरा पेन्सचा तो दर किती टिकला, माहीत आहे? पौंडाशी बांधलेला तोच दर स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला. पौंड घसरला तेव्हा रुपयाही त्याच्याबरोबर घसरला, पण दोघांतलं नातं तेच राहिलं. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन झालं, डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, तेव्हा कुठे ते नातं तुटलं. जवळजवळ एकोणचाळीस वर्षं.

दहा टक्क्यांचे चाळीस टक्के

आता परत द्राक्षाच्या पेटीकडे येऊ. युरो शंभरवरून नव्वदवर आला तर दहा टक्क्यांचं नुकसान, असं वरवर वाटतं. पण शेतकऱ्याचा आणि निर्यातदाराचा हिशेब तसा चालत नाही. छाटणीची मजुरी, विरळणी, जीए या संजीवकात घड बुडवणं, औषधांच्या फवारण्या, पॅकिंग, शीतगृह, वाहतूक मिळून किलोला १५० रुपये खर्च येतो असं धरा. पहिल्या वर्षी २०० मधून १५० वजा, उरले ५०. दुसऱ्या वर्षी १८० मधून १५० वजा, उरले ३०. दर दहा टक्के हलला आणि शिल्लक चाळीस टक्क्यांनी घटली. तेरा टनांचा एक कंटेनर धरला तर २ लाख ६० हजार रुपयांचा फरक. छोटा आकडा मोठा होऊन बांधावर येतो तो असा.

बहुतेक बागायतदारांना पैसे रुपयांतच मिळतात; युरोचा धोका आधी निर्यातदाराच्या डोक्यावर असतो. पण व्यापारी बागेत येऊन दर सांगतो तेव्हा त्याने मनात युरोचा भाव धरलेलाच असतो. आणि इथे काळाचा एक पेच आहे. फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास होते. सगळा मोठा खर्च तिथून सुरू होतो. पैसे येतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. बाग धरतानाचा दर आणि माल विकतानाचा दर यांत चार-पाच महिन्यांचं अंतर असतं. डोळे फुटण्यापासून मणी पिकेपर्यंत बागायतदार आभाळाकडे बघत असतो. हुंडणावळीचं आभाळही तेवढंच लहरी असतं, फक्त ते दिसत नाही.

असं खरंच घडलेलं आहे. २००७ च्या सुरुवातीला डॉलर ४४ रुपयांच्या आसपास होता, वर्ष संपता संपता तो ३९ च्या आसपास आला. द्राक्षांमुळे नव्हे, कापडामुळेही नव्हे. परदेशी गुंतवणूकदार आपल्या शेअर बाजारात डॉलर ओतत होते, त्या डॉलरांचे रुपये करून घेत होते आणि रुपयाला मागणी वाढत होती. तयार कपडे निर्यात करणाऱ्यांपासून पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांपर्यंत सगळ्यांचे नफे आटले, आणि सरकारला निर्यातदारांसाठी सवलती जाहीर कराव्या लागल्या. न्यूयॉर्कमध्ये कुणी तरी मुंबईचे शेअर घेतो, आणि त्याची झळ कपडे शिवणाऱ्या कारागिराला लागते.

दुसरं पारडं

पण थांबा. त्याच द्राक्षाच्या मुळाशी बघा. वेलीला पोटॅश लागतं. साखर भरायला, मणी टणक राहायला. भारतात पोटॅशच्या चालू खाणी नाहीत, म्हणून जवळपास सगळं पोटॅश कॅनडा, रशिया, बेलारूस, जॉर्डन अशा देशांतून येतं. ठिबकमधून सोडायची बरीच विद्राव्य खतंही बाहेरूनच येतात. कंटेनरचं जहाजभाडं डॉलरमध्ये मोजलं जातं. ट्रॅक्टरचं डिझेल ज्या कच्च्या तेलापासून बनतं, त्यातलं ८५ टक्क्यांहून जास्त आयात केलेलं असतं. रुपया मजबूत झाला की हे सगळं स्वस्त पडायला हवं. म्हणजे मजबूत रुपया द्राक्षवाल्याच्या एका हातातून जे घेतो, त्यातलं थोडं दुसऱ्या हातात परत ठेवतो. स्वयंपाकघरातल्या सूर्यफूल तेलापासून पामतेलापर्यंत निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून घेतो, म्हणून फोडणीही हुंडणावळीवरच तडतडते.

सोन्याचंही तसंच. खानापूर, आटपाडी, तासगाव भागातले गलाई व्यावसायिक सोन्याचांदीची गाळणी करायला देशभर पसरलेले आहेत. देशात वापरलं जाणारं बहुतेक सोनं आयात केलेलं. त्याचा इथला भाव म्हणजे जगातला डॉलरमधला भाव, गुणिले रुपयाचा दर, अधिक आयात शुल्क. जुलै २०२४ मध्ये ते शुल्क १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणलं गेलं. तोळ्याचा भाव हलला की तो कशाने हलला, हे समजायला या तीनही गोष्टी बघाव्या लागतात.

कुंडलमध्येच क्रांतिअग्रणी डॉ. जी. डी. बापू लाड साखर कारखाना आहे. साखरेचा जागतिक भाव न्यूयॉर्कच्या बाजारात एक पौंड वजनाला इतके सेंट असा बोलला जातो. जगात सगळ्यात जास्त साखर निर्यात करणारा देश ब्राझील, त्याचं चलन रिआल. रिआल घसरला की ब्राझीलच्या कारखान्याला त्याच सेंटांचे जास्त रिआल मिळतात. तो हात मोकळा सोडून साखर विकतो आणि जगातला भाव उतरतो. आपला रुपया जागचा हललेला नसतो, आपल्या उसालाही काही झालेलं नसतं. २०२१-२२ च्या हंगामात भारताने शंभर लाख टनांहून अधिक साखर निर्यात केली. तेव्हा कृष्णाकाठचा ऊस साओ पाउलोच्या उसाशी स्पर्धा करत होता आणि पंच होता रिआल! उसाच्या फडात कोयता चालवणाऱ्याच्या मागे एवढं मोठं जग उभं आहे, हे मला फार विलक्षण वाटतं.

प्रवाशाची पिशवी

आणि प्रवासी? त्याचं गणित सगळ्यात सरळ. इथून बाहेर जाणाऱ्याला मजबूत रुपया म्हणजे वारीत भरलेली शिदोरी. बाहेरून इथे येणाऱ्याला तो महागाई.

द्राक्षवाल्याच्याच घरातली मुलगी जर्मनीत शिकायला निघाली असं समजा. विद्यार्थी व्हिसासाठी जर्मनी एका वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात ठेवायला सांगतं. युरो शंभरला असेल तर ११ लाख ९० हजार ४०० रुपये. नव्वदला असेल तर १० लाख ७१ हजार ३६०. घरात १ लाख १९ हजार ४० रुपये वाचले. ज्या आकड्याने वडिलांच्या द्राक्षाचा भाव पाडला, त्याच आकड्याने लेकीची वाट सोपी केली. एका घरात दोन पारडी, आणि घर मध्ये काट्यासारखं सरळ उभं. जो युरोत कमावतो आणि युरोतच खर्च करतो, त्याला रुपयाचं वर-खाली होणं फारसं शिवत नाही. मोठ्या कंपन्या जोखीम सांभाळायला जे करतात, ते या घराने नकळत केलेलं असतं.

दुबईत किंवा अमेरिकेत नोकरी करणाऱ्याच्या घरी उलट होतं. तो पाठवतो तिथलं चलन, घरी येतात रुपये. रुपया मजबूत झाला की त्याच कष्टाची मनिऑर्डर लहान होते. परदेशातले भारतीय वर्षाला सव्वाशे अब्ज डॉलरहून जास्त रक्कम घरी पाठवतात आणि रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे त्यात महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा, सुमारे एक पंचमांश आहे. म्हणजे हा प्रश्न थोड्याथोडक्या घरांचा नाही.

येणाऱ्या प्रवाशाचं उदाहरण गोव्यात बघा. मोरजी आणि मांद्र्याच्या किनाऱ्यावर एके काळी रशियन भाषेतल्या पाट्या सर्रास दिसत. २०१४ च्या अखेरीस रुबल कोसळला. त्या हंगामात रशियाहून येणारी चार्टर विमानं झपाट्याने कमी झाली. गोव्याचा समुद्र तोच, मासे तेच, रुपयाचंही फारसं काही बिघडलेलं नव्हतं. पण रुबलवाल्याला गोवा एका रात्रीत महाग झाला. त्याच सुमारास, १५ जानेवारी २०१५ रोजी, स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने फ्रँकवर घातलेली मर्यादा उठवली आणि फ्रँक काही मिनिटांत प्रचंड वधारला. स्विस लोक सीमा ओलांडून जर्मनीतल्या कॉन्स्टान्ससारख्या गावांत किराणा आणायला जाऊ लागले आणि स्विस घड्याळवाले व हॉटेलवाले चिंतेत पडले. मजबूत चलनाचं ओझं श्रीमंत देशालाही जाणवतं.

मग रुपया कसा हवा?

इतकं बघितल्यावर माझं मत स्पष्ट झालं आहे. मजबूत रुपया ही देशाची अब्रू नाही आणि कमजोर रुपया ही नामुष्की नाही. तो काटा आहे. काट्याचं काम एका बाजूला झुकून राहणं नव्हे, खरं वजन सांगणं आहे. रुपया उंच टिकवण्याच्या हट्टापायी शंभर वर्षांपूर्वी शेतकऱ्याने किंमत मोजली. रुपया मुद्दाम पाडून निर्यात वाढवू म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचं पुस्तक उघडावं; त्याची किंमत मजूर मोजतो. शेतकऱ्याला, कारखान्याला, शिकायला निघालेल्या मुलीला सगळ्यात जास्त छळतो तो हिसका: छाटणीला एक दर आणि काढणीला दुसरा. म्हणून रुपया मजबूत असावा यापेक्षा तो धीम्या चालीचा असावा, आणि देशातल्या बाजारात त्याने जे मिळतं त्यात खोट येऊ नये, हेच मागावं.

वाचकांना एक विनंती आहे. आज रात्री एका कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे लिहा, आपल्या घरातून काय बाहेरच्या देशात जातं: द्राक्ष, बेदाणा, हळद, साखर, कुणाची नोकरी. उजवीकडे लिहा, बाहेरून काय येतं: डिझेल, खत, तेल, सोनं, मोबाइल, मुलांची फी. द्राक्षवाले असाल तर दर ठरवताना व्यापाऱ्याला विचारा, त्याने युरो कितीचा धरला आहे, आणि त्याने बँकेत तो दर आधी बांधून घेतला आहे का. हा प्रश्न विचारायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. तो विचारण्याचा हक्क पेटी भरणाऱ्याला आहेच.